पाखरांच्या गोधड्या

चौल,
११ नोव्हेंबर २०२४

मनूस,

तुला वाचता येत नाही, तेव्हा अक्षर बघून ओळखणार नाहीस. म्हणून आधीच सांगते, मी येसू. तुझी थोरली जाऊ. पत्ता शेजारच्या कृष्णाबाईकडून मिळाला, तिची बहीण तुमच्याजवळ बोर्लीला दिली आहे. मी मुद्दाम विचारला असं समजू नकोस. बोलता बोलता निघाला.

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणजे काही वाईट घडलं असेल असं वाटेल. तसं काही नाही. आमचे हे बरे आहेत, गुडघा सोडला तर. विपुलचं लग्न झालं. सून अमिषा, पेणची. गुणी पोर आहे, पण माहेराहून येताना पिंजऱ्यात दोन पाखरं घेऊन आली. कॉकटेल म्हणतात त्यांना. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी टिकली. एकाचं नाव काजू, दुसरीचं टिकली. सकाळी सहाला दोघं शिट्ट्या मारतात आणि यांना वाटतं कुकर झाला.

आता काम सांगते. पिंजऱ्याचा तळ तारेचा. त्या तारांवर उभं राहून काजूच्या तळपायाला फोड आले. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाली मऊ काहीतरी घाला. कागद घातला तर तो फाडून टाकतो. प्लास्टिक घातलं तर घसरतो. शेवटी मी माझ्या जुन्या लुगड्याचे चार पदर एकावर एक घेऊन पिंजऱ्याच्या मापाची एवढीशी गोधडी शिवली. मनू, तो काजू तिच्यावरून असा चालला, लग्नातला व्याही चालतो तसा, छाती काढून.

पण चौथ्या दिवशी कडेचा दोरा सुटला आणि त्याच्या बोटाला आवळला. बोट काळंनिळं. अमिषा रडतेय, विपुलने पाखरू धरलंय, आणि मी चष्मा लावून नखांच्या कात्रीने दोरा कापतेय. बोट वाचलं. मला मात्र दोन दिवस घास गिळवेना. माझ्या शिवणीमुळे झालं ना.

तुझ्या गोधडीचा दोरा कधी सुटला नाही. बावीस वर्षं आपण एका पडवीत समोरासमोर बसून शिवलं, पण तू कड कशी बंद करायचीस ते मी बघितलंच नाही. मी माझ्या टोकाकडून शिवत यायची, तू तुझ्या. तेवढा टाका सांग. बाकी मला काही विचारायचं नाही.

तुझं ते दुसरं लग्न करून तू पेढे घेऊन आलीस, त्या दिवशी मी घरी नव्हते. दात दाखवायला रेवदंड्याला गेले होते. सांगायचं राहिलं होतं म्हणून सांगितलं.

येसू

ता. क. हे पत्र तुला जे कोणी वाचून दाखवत असतील, त्यांनी टाक्याचं तेवढं नीट वाचावं. बाकीचं भरभर वाचलं तरी चालेल.


चौल,
१३ डिसेंबर २०२४

चि. मनूस,

पुडकं मिळालं. मुरूडच्या गाडीच्या कंडक्टरने स्टँडवर यांच्या हातात दिलं. म्हणाला, "दिवेआगरच्या कोंडाजींनी दिलंय. सांभाळून न्या म्हणाले, आत काचेचं हाय." बिचारा सबंध वाट मांडीवर घेऊन आला. आम्ही उघडतो तर रुमालाएवढी गोधडी! चिठ्ठी नाही, निरोप नाही. काचेची युक्ती ज्यांनी केली त्यांना सांग, बरी होती. पुडकं चुरगळलं नाही.

मग मी ती गोधडी घेऊन पडवीत बसले. गाठ शोधत होते. उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. अमिषाने मोबाइलची बॅटरी मारली. गाठ नाहीच. शेवटी जीव घट्ट करून उसवली. तुझं शिवलेलं उसवायला मला किती वाईट वाटलं ते तुला काय सांगू. तर तू गाठ मारतच नाहीस! तीन टाके मागे येतेस आणि दोऱ्याचं टोक पदरांच्या पोटात सोडून देतेस. कड आत दुमडलेली, आणि तिच्यावर इतके बारीक टाके की पाखराचं नखच काय, माझी सुईसुद्धा शिरेना. बावीस वर्षं समोर बसलीस आणि एकदा सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही, हेही खरं.

तशी एक शिवली. मग टिकलीसाठी दुसरी. अमिषाने फोटो काढून मोबाइलवर टाकला. त्यात काजू गोधडीवर एक पाय पोटात घेऊन झोपला होता. चार दिवसांत डोंबिवलीच्या बाईंचा फोन, मग पुण्याच्या मुलीचा. साताऱ्याचे एक रिटायर मास्तर आहेत, त्यांच्या पाखराला एकच पाय. "मावशी, जरा जाड शिवाल का? तो पडतो हो," म्हणाले. त्याला सहा पदरांची शिवली. मास्तरांनी परवा फोन करून सांगितलं, पाखरू आता पडलं तरी उठून गातं. मी फोन ठेवला आणि डोळे पुसले. हे म्हणाले, "कांदा चिरतेस का काय?"

अकरा गेल्या आतापर्यंत. कापड फिक्या रंगाचंच घेते. डॉक्टर म्हणाले, विष्ठेचा रंग दिसला की दुखणं लवकर कळतं. लुगडी उकळून, तीनदा धुऊन वाळत घालायचं काम यांच्याकडे दिलंय. रंग सुटणारं असेल तर हेच ओरडतात, "नापास!"

आता गोल पिंजऱ्याची एक मागणी आलीय. गोल गोधडी शिवताना कोपरा नसतो, तर सुरुवात कुठून करू?

येसू


चौल,
२४ डिसेंबर २०२४

चि. मनूस,

या वेळी पाकिटात चिठ्ठी होती. चार ओळी. ती इथे उतरवते, म्हणजे काय लिहिलं गेलं ते तुला कळेल.

"दोन्ही पत्रे वाचून दाखवली. भरभर वाचायचे तेसुद्धा सावकाश वाचले, कारण मनूबाईंनी दोनदा वाचायला लावले. गोल गोधडी मधून सुरू करून बाहेर न्यायची असे त्या सांगतात. मास्तरांच्या पाखरापाशी त्या हसल्या. दातांपाशी हसल्या नाहीत. – वाचणारा."

वाचणाऱ्यांचं अक्षर चांगलं आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरचं अक्षर इतकं सरळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

दातांचं पुढच्या पत्रात.

आता ऐक. पनवेलला फेब्रुवारीत पाळीव पाखरांचं प्रदर्शन आहे. तिथल्या माणसांनी अमिषाला विचारलं, साठ गोधड्या द्याल का, सगळ्या पिंजऱ्यांत एकसारख्या घालायच्यात. पोरीने मला न विचारता हो म्हणून टाकलं! पाच तारखेपर्यंत द्यायच्या. मी म्हटलं, "अगो, साठ म्हंजे किती ठावं हाय का तुला?" तर म्हणते, "आई, तुम्ही हायात म्हणून मी हो म्हटलं."

माझ्या हातून दिवसाला एक होते. अमिषा शिकतेय, पण तिची नजर निम्मी मोबाइलकडे. कृष्णाबाईला बसवलं. वय ब्याऐंशी, उत्साह अठराचा. तिचे टाके म्हणजे दात पडलेला कंगवा. मी तिच्या पाठीमागे उसवते आणि तिला वाटतं तिनेच शिवलं.

तीस तू शिवशील का? माप कागदावर कापून पाठवलंय. कापडही सोबत आहे, दोन पिशव्या. त्यात माझं ते आंबा रंगाचं, आता विटून फिकं झालेलं लुगडंही फाडलंय, आपण दोघींनी नागावच्या जत्रेत एकसारखी घेतली होती त्यातलं.

येसू


चौल,
२ जानेवारी २०२५

सौ. मनूबाईस,

हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचावं. सगळं. आणि त्यांनी स्वतःही ऐकावं.

वर 'सौ.' लिहिलं आहे. मागच्या तीन पत्रांत लिहिलं नव्हतं. मनात आलं होतं, पण हात पुढे जात नव्हता.

मी दातांसाठी कुठे गेले नव्हते. मी घरीच होते.

तू फाटकातून आलीस ते मी खिडकीतून बघितलं. हिरव्या बांगड्या, हातात पेढ्यांचा पुडा. हे कांदे लावायला वाडीत गेले होते. मी दाराला आतून कडी घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तू "अक्का, अक्का" म्हणून हाका मारल्यास. मालिका संपून जाहिराती झाल्या, जाहिराती संपून दुसरी मालिका लागली, तरी तू उभी होतीस. मग तू पेढे कृष्णाबाईकडे ठेवून गेलीस. कृष्णाबाईने ते संध्याकाळी आणून दिले. मी ते खाल्ले नाहीत. टाकलेही नाहीत. डब्यात वाळून गेले.

मोरूभाऊजी गेले तेव्हा तू बेचाळीसची होतीस. मूलबाळ नाही. सात वर्षं तू आमच्यात राहिलीस, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन मुरूडच्या गाडीने बाजाराला जायचीस. गाडी चालवणारा माणूस तुझ्या पिशव्या वर चढवून द्यायचा, हे मला माहीत होतं. त्याची बायको वारलेली, हेही माहीत होतं. बाजाराच्या दिवशी तू आरशात दोनदा बघायला लागलीस, तेव्हा मी समजले. मी मनातून खूशही झाले होते, मनू. देवाशपथ.

मग तू सांगितलंस की लग्न करून दिवेआगरला जाणार. मी सगळ्यांसमोर म्हटलं, या वयात हे शोभतं का, गाव काय म्हणेल. गाव काहीही म्हणालं नव्हतं. मीच म्हणत होते. आणि त्या माणसाला मी काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकलं असेलच.

खरं कारण आज सांगते. तू गेलीस की गोधडीचं दुसरं टोक धरायला मला कोणी उरणार नव्हतं. मला नवरा आहे, मुलगा आहे, तरी मला तीच एक भीती होती. आणि ती बोलून दाखवायची मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी गावाचं नाव पुढे केलं. तू गेल्यावर मी सुई हातात धरली नाही, ती या काजूच्या पायापायी धरली.

माझं चुकलं.

आणि वाचणाऱ्यांना. कोंडाजीराव, तुमच्याबद्दल जे बोलले ते मी परत घेते. तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, पण लिहून देते, हा कागद जपून ठेवा.

येसू


चौल,
१३ जानेवारी २०२५

सौ. मनूबाईस,

अकरा दिवस झाले. काही आलं नाही. रोज हे स्टँडवर जाऊन येतात, मला सांगतात चहा प्यायला गेलो होतो. कंडक्टर लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

रागावली असशील तर रास्त आहे. पाठवलेलं कापड ठेवून घे. साठ होणार नाहीत तर चाळीस देऊ, अमिषाला मी सांगितलं आहे.

उद्या संक्रांत. आपल्याकडे हळदीकुंकू शनिवारी, पंचवीस तारखेला आहे. तू यावंस. लाडू वळायला नव्हे. बाहेर बसायला.

येसू


चौल,
२८ जानेवारी २०२५

श्री. कोंडाजी भाऊजी यांस,
येसूबाईचा नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच आहे, तेव्हा कुणाला वाचून दाखवायचं नाही. 'भाऊजी' हा शब्द मोरूभाऊजी गेल्यापासून मी कुणाला लावला नव्हता. तुम्हाला चालत असेल तर लावते.

तुम्ही मनूला दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसवून दिलंत, आणि इकडे फोन केला नाहीत. तिने नको म्हटलं असणार. शनिवारी बारा वाजता आमचे हे फाटकाशी उभे होते, ते एकदम ओरडले, "मनू आली गोऽ!" रेवदंड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. ती दोन पिशव्या घेऊन उभी. सरळ पडवीत जाऊन बसली. माझ्या गोधड्यांची चळत ओढली, एकेक उलटी करून बघायला लागली आणि त्यांचे दोन ढीग केले.

"हे काय?" मी विचारलं.

"हा ढीग पुन्हा शिवायचा."

"किती?"

"नऊ."

पाच वर्षांनंतर माझ्याशी तिचं हे पहिलं बोलणं! भाऊजी, मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला की मी चहात दोनदा साखर घातली. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गंभीर तोंडाने विचारलं, "अक्का, दात बरे हायेत का आता?"

मग जे हसू फुटलं ते आवरेचना. मी खांबाला धरून हसत होते, ती जमिनीवर लोळत होती, आणि पिंजऱ्यात काजू-टिकली शिट्ट्या मारत होती. हसता हसता ती रडायला कधी लागली आणि मी कधी लागले ते अमिषाला विचारा, ती बघत होती. मनू म्हणाली, "तुझं पत्र आलं तवा मी रागावले नव्हते. मला रोज वाचून घ्यायचं होतं, म्हणून उत्तर द्यायला वेळ गावला न्हाय." तिने सांगितलं की तुम्ही ते पत्र नऊ वेळा वाचलंत, आणि 'माझं चुकलं' या ठिकाणी दरवेळी थांबून पाणी पिता. तिच्या पिशव्यांत एकतीस गोधड्या होत्या. तीस सांगितल्या होत्या. जास्तीची एक साताऱ्याच्या मास्तरांच्या पाखराला, सात पदरांची.

आता संध्याकाळचं सांगते, ते तुम्हाला कळायलाच हवं.

बायका जमल्या. पडवी भरली. मी बघते तर मनू नाही. आत गेले, तर ही स्वयंपाकघरात तिळाचे लाडू ताटात लावत बसलेली. मोरूभाऊजी गेल्यानंतरची सात वर्षं हळदीकुंकवाला ती तिथेच बसायची, आणि मी बसू द्यायची. तिच्या पायांनी तिला सवयीने तिथेच नेलं होतं. मी तिचा हात धरला आणि ओढत बाहेर आणली. पाटावर बसवली. म्हटलं, "ही माझी जाऊ. दिवेआगरची. पहिलं कुंकू हिला." आणि लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं.

एकदोघी पदर सावरून उठायच्या बेतात दिसल्या.

तेवढ्यात मनू उठली. माझ्या हातातला करंडा तिने घेतला आणि ती सरळ पायरीपाशी गेली. तिथे कृष्णाबाई बसली होती. चाळीस वर्षं झाली तिला विधवा होऊन, दर वर्षी नुसती बघायला येते आणि पायरीवर बसते. मनू तिच्यासमोर वाकली.

"अगो, मला कशाला?" कृष्णाबाई मागे सरकली.

"मला लावलं. मग तुला का न्हाय?"

"लोक काय म्हंतील?"

"विचार की. समदे हितंच हायेत."

कृष्णाबाईने सगळ्यांकडे बघितलं. मग हळूच डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं, लहान पोर करतं तसं. मनूने हळद लावली, कुंकू लावलं. म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, "मंग वाण पण द्या. फुकट न्हाय बसणार मी हितं."

एकच हशा झाला, भाऊजी! उठायला निघालेल्या होत्या त्याही बसल्या. त्यातली एक तर म्हणाली, माझ्या सासूलाही बोलावून आणते, ती घरी एकटी बसलीय. आणि आणलीही. त्या संध्याकाळी आमच्या पडवीत जिला कपाळ होतं तिला कुंकू लागलं. कृष्णाबाई रात्री तोंड न धुता झोपली म्हणे. सकाळी उशीला कुंकू लागलं तर उशीसकट दाखवायला आली.

वाण म्हणून मी काय दिलं ते ओळखा. मनूने नापास केलेल्या नऊ आणि कृष्णाबाईच्या बाकी सगळ्या गोधड्या! कुणाच्याच घरी पाखरू नाही. कुणी गरम टोपाखाली घालणार आहे, कुणी देवाच्या पाटावर. दोघींनी मात्र अमिषाकडे पाखराची चौकशी केली.

आता तुमच्याकडे मागणं. मनू सोमवारी परत यायची होती, ती मी ठेवून घेतली आहे. साठात अजून दहा कमी आहेत. आम्ही दोघी समोरासमोर बसतो, अमिषा मध्ये. तिलाही आता गाठ न मारता शिवता येतं. आठ तारखेला विपुलच्या टेम्पोतून आम्ही सगळे पनवेलला प्रदर्शन बघायला जाणार. तुम्ही सातलाच या. तुमच्याशिवाय निघणार नाही. यांनी तुमच्यासाठी ताज्या कांद्याची पहिली माळ बाजूला काढून ठेवलीय, आणि विचारतायत की मुरूडच्या घाटात ब्रेक नसलेली गाडी तुम्ही खरंच उतरवली होती का. तेवढ्यासाठी तरी या.

मनू इथे शेजारी बसली आहे आणि म्हणते, माझंही लिही. तिचं मी पहिल्यांदाच लिहिते आहे. ती सांगते तसं उतरवते.

पोफळींना एक दिवसाआड पाणी सोडा. रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी. मांजर उपाशी ठेवू नका. निळा शर्ट घालून या, पांढरा नको, प्रवासात मळतो. विड्याचं पान जास्त खाऊ नका.

मग सुईत दोरा ओवायचं नाटक केलं. आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "हितं समदं चांगलं हाय. पण संध्याकाळ झाली का तुमच्या सायकलची घंटी ऐकायला कान जातात." लगेच माझ्याकडे बघून दटावलं, "अक्का, हे लिहू नको हां. लिहिलंस का?"

मी म्हटलं, "न्हाय गो."

लिहिलं आहे, भाऊजी.

तुमची,
येसू